सार प्रदेशातील सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि १९३५ चे सार्वमत : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस माघार घेताना जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधील अनेक कोळसा खाणी निकामी करून टाकल्या. त्याची भरपाई म्हणून व्हर्सायच्या तहाने जर्मनी-फ्रान्स सीमेवरील सार खोऱ्यातील खाणींची मालकी फ्रान्सला दिली आणि सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा, आठ लाखांच्या आसपास वस्तीचा तो जर्मनभाषक प्रदेश पंधरा वर्षांसाठी राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) कारभाराखाली ठेवला. प्रत्यक्ष राज्यकारभार पाच सदस्यांच्या प्रशासन मंडळाकडे होता. १९२२ पासून तीस सदस्यांची एक निर्वाचित प्रादेशिक परिषदही होती, परंतु तिला केवळ सल्ला देण्याचा अधिकार होता. पंधरा वर्षांनंतर लोकांनी तीन पर्यायांपैकी एक निवडायचा होता : जर्मनीत परत जाणे, फ्रान्समध्ये सामील होणे, किंवा राष्ट्रसंघाची राजवट ‘जैसे थे’ चालू ठेवणे. २८ जून १९१९ रोजी, म्हणजे तहावर सह्या झाल्या त्या दिवशी, जे सारमध्ये राहत होते त्यांनाच मतदानाचा अधिकार होता. त्यामुळे नंतर तेथे येऊन स्थायिक झालेल्यांना मत नव्हते, आणि जे प्रदेश सोडून दूर गेले होते त्यांना ते होते.

या प्रदेशातील सोशल डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे जर्मनीतील मोठ्या पक्षाची एक प्रादेशिक शाखा. सारमधील कामगारवर्ग मोठा होता, तरी पक्ष मात्र कधीच प्रबळ झाला नाही, आणि याचे मुख्य कारण धर्म हे होते. लोकसंख्येपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक कॅथलिक होते आणि खाणकामगारांचा मोठा भाग रविवारी चर्चमध्ये, निवडणुकीत कॅथलिकांच्या सेंट्रम पक्षाकडे आणि कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती कामगार संघटनेकडे जाणारा होता. प्रादेशिक परिषदेत १९२४ साली पक्षाला सहा जागा होत्या, १९२८ साली पाच झाल्या आणि १९३२ साली, जागतिक मंदीच्या तडाख्यात, अवघ्या तीन उरल्या. त्याच १९३२ च्या निवडणुकीत सेंट्रमला चौदा, कम्युनिस्टांना आठ आणि नाझींना फक्त दोन जागा मिळाल्या. हिटलर सत्तेवर येण्याच्या आदल्या वर्षी सारमध्ये नाझी पक्षाला कोणी फारसे मोजत नव्हते, ही गोष्ट पुढील सर्व घटनाक्रम वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

पक्षाचे अध्यक्षपद १९२८ पासून माक्स ब्राऊन यांच्याकडे होते. त्यांचा जन्म १८९२ सालचा, गाव ऱ्हाईनकाठचे नॉइस, मूळ पेशा शिक्षकाचा. १९२३ मध्ये ते सारची राजधानी सारब्रुकेनला ‘फोल्क्सश्टिमे’ या पक्षाच्या दैनिकाचे संपादक म्हणून आले. ते प्रभावी वक्ते होते आणि पुढे विरोधकांच्या द्वेषाचे पहिले लक्ष्यही तेच ठरले. १९१९ नंतर आल्यामुळे ज्या सार्वमतासाठी त्यांनी सर्वस्व पणाला लावले, त्यात त्यांना स्वतःला मत देता आले नाही.

समस्या

१९३३ पर्यंत सार्वमताच्या प्रश्नावर पक्षात मतभेद नव्हता. जर्मनीत परत जायचे, हीच कम्युनिस्टांपासून सेंट्रमपर्यंत जवळजवळ सर्वांची भूमिका होती, आणि सोशल डेमोक्रॅटांच्या बाबतीत तिला राष्ट्रप्रेमाइतकाच कामगार चळवळीचा आधार होता. सारमधील सर्वांत मोठा मालक फ्रेंच सरकारचे खाण प्रशासन हे होते. १९२३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला आणि सुमारे शंभर दिवस चाललेला खाणकामगारांचा संप याच मालकाविरुद्ध लढला गेला. त्यात सुमारे ७२,००० कामगार उतरले होते. खाणकामगारांनी आपली मुले फ्रेंच शाळांत घालावीत यासाठी येणाऱ्या दडपणाचा विरोध कामगार संघटनाच करीत होत्या. त्याच वर्षी फ्रँक हे एकमेव चलन झाले, १९२५ पासून प्रदेश फ्रान्सच्या जकात क्षेत्रात गेला, आणि मजुरीचा प्रत्येक तंटा परकी सत्तेशी तंटा ठरू लागला. मालकाशी झगडा आणि मायदेशाची ओढ या दोन भावना सारच्या कामगाराच्या मनात पंधरा वर्षे एकमेकींत विणल्या गेल्या होत्या. त्या विणण्यात पक्षाचा स्वतःचा हात मोठा होता.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीत सत्तेवर आला आणि हे सारे उलटले. मार्चमध्ये जर्मन संसदेत सोशल डेमोक्रॅटांच्या ९४ प्रतिनिधींनी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध मत दिले. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या बळकावल्या गेल्या आणि २२ जून रोजी पक्षावर बंदी आली. सीमेपलीकडून पळून आलेले कार्यकर्ते सारब्रुकेनमध्ये आसरा घेऊ लागले. सारमध्ये पक्ष अजून कायदेशीर होता, त्याची वृत्तपत्रे निघत होती, सभा होत होत्या. तथापि ज्या देशात परत जायचे असे पक्षाने सभासदांना पंधरा वर्षे सांगितले, त्या देशात या पक्षात असणे म्हणजे तुरुंग अथवा छळछावणी होती. सार्वमताला दीड वर्ष उरले असताना पक्षाला आपल्याच सभासदांपुढे जाऊन सांगायचे होते की देश आणि त्याची राजवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या खेपेस देशावरील प्रेमापोटीच परतीविरुद्ध मत द्यावे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्या भूमिकेवर ठाम राहण्याचा होता. राजवटी येतात आणि जातात, सार मात्र जर्मन आहे, हा युक्तिवाद पक्षात आणि संघटनांत अनेकांना पटणारा होता. या मार्गाने सभासदांच्या मनाशी झुंज घ्यावी लागली नसती. पण स्वतःच्या विसर्जनाच्या बाजूने प्रचार करणाऱ्या पक्षाला स्वतःपाशी काय उत्तर राहिले असते, हा प्रश्न सुटत नव्हता.

फ्रान्समध्ये सामील होण्याचा पर्याय पक्षाने गंभीरपणे विचारातच घेतला नाही, आणि ते योग्यच होते. सभासदांना मोकळीक देऊन पक्षाने गप्प राहावे, हा मार्गही होता. पण सीमेपलीकडून आलेल्या सहकाऱ्यांना आसरा देणाऱ्या पक्षाला मौन परवडणारे नव्हते.

उरला ‘जैसे थे’चा पर्याय. त्याच्या बाजूचे कारण स्पष्ट होते. हिटलर जाईपर्यंत सार राष्ट्रसंघाकडे ठेवावे, तेथे जर्मन लोकशाहीचा एक तुकडा जिवंत राहील आणि जर्मनी मुक्त झाल्यावर सार आपण होऊन परत जाईल. त्याच्या विरोधातील कारणही तितकेच ठळक होते. ज्या परकी प्रशासनावर पक्षाने पंधरा वर्षे टीका केली तेच टिकवायला सांगायचे, आणि तहात दुसऱ्या सार्वमताचा शब्दही नसताना लोकांनी ही तात्पुरती सोय आहे यावर विश्वास ठेवायचा. खाणकामगाराच्या दृष्टीने ‘जैसे थे’ म्हणजे फ्रेंच खाण प्रशासन जैसे थे, इतकाच अर्थ निघत होता.

सोबती निवडण्याचा प्रश्न याहून अवघड होता. कम्युनिस्ट संख्येने मोठे होते, पण १९३४ च्या मध्यापर्यंत त्यांचा पक्ष सोशल डेमोक्रॅटांना शत्रू मानत होता आणि ‘सोव्हिएत जर्मनीतील लाल सार’ अशी अवास्तव घोषणा देत होता. कॅथलिक मतदार खरे निर्णायक होते, पण जुलै १९३३ च्या व्हॅटिकन-जर्मनी करारानंतर चर्चने नव्या राजवटीशी जुळवून घेतले होते, आणि ट्रिअर व स्पायर या दोन्ही धर्मप्रांतांचे बिशप, ज्यांच्या अखत्यारीत सार येत होते, परतीच्या बाजूचे होते. कम्युनिस्टांबरोबर जाणे म्हणजे कॅथलिकांना गमावणे, आणि कॅथलिकांची वाट पाहणे म्हणजे कामगारवर्गातच दुफळी चालू ठेवणे, असा हा पेच होता.

केलेली कृती

१९३३ च्या अखेरीस पक्षाने जर्मनीतील, आता बंदी आलेल्या, मूळ पक्षापासून संघटनात्मक फारकत घेतली, ‘सार प्रदेशाचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष’ म्हणून स्वतंत्र झाला आणि हिटलरच्या जर्मनीत परत जाण्याविरुद्ध उभा राहिला. त्याआधी, १९३३ च्या उन्हाळ्यापासूनच, ‘डॉइचे फ्रायहाइट’ हे निर्वासितांचे दैनिक सारब्रुकेनहून निघू लागले होते. सीमेलगत खुलेपणाने निघणाऱ्या अशा वृत्तपत्राचे मोल तेव्हा फार होते.

दुसऱ्या बाजूला सेंट्रमसह सारमधील मध्यमवर्गीय पक्षांनी नाझींसह ‘जर्मन आघाडी’त जाऊन एकामागून एक स्वतःला विसर्जित केले होते. मार्च १९३४ मध्ये ही आघाडी नव्याने उभारली गेली. पोलाद उद्योगपती हेर्मान ऱ्योखलिंग तिच्या मागे होते, आणि ऑगस्टपासून हिटलरचा प्रतिनिधी म्हणून योझेफ ब्युर्केल सूत्रे हलवू लागला. गल्लीगल्लीत तिचे पहारेकरी होते, कोण सभासद आहे आणि कोण नाही याच्या याद्या होत्या. मालक, दुकानदार, शेजारी, कुटुंब या सर्वांकडून एकाच दिशेने दडपण येत होते. जर्मन आकाशवाणी रोज सारसाठी कार्यक्रम प्रसारित करीत होती. सारचे स्वतःचे आकाशवाणी केंद्रच नसल्याने तिला उत्तर देण्याचे साधन पक्षापाशी नव्हते.

जून १९३४ च्या अखेरीस हिटलरने आपल्याच सहकाऱ्यांचे हत्याकांड घडवले. त्यात बर्लिनमधील कॅथलिक चळवळीचे नेते एरिश क्लाउझेनर यांचाही बळी गेला. जवळजवळ त्याच सुमारास मॉस्कोकडून धोरण बदलल्यामुळे सारच्या कम्युनिस्टांनी आपली घोषणा सोडली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही पक्षांची एकत्रित आघाडी जाहीर झाली. प्रागमध्ये निर्वासित असलेल्या सोशल डेमोक्रॅटिक कार्यकारिणीला हा समझोता रुचला नव्हता. तरीही ब्राऊन यांनी तो केला, कारण कामगारांच्या दोन पक्षांतील भांडणानेच जर्मनीचा घात झाला हे सारमधील प्रत्येक कार्यकर्त्याला उघड दिसत होते.

२६ ऑगस्ट १९३४ रोजी सारमधील सुल्त्सबाखला या एकत्रित आघाडीची विराट सभा झाली. ब्राऊन आणि कम्युनिस्ट नेते फ्रिट्स प्फोर्ट एका व्यासपीठावर आले आणि एका कॅथलिक धर्मगुरूनेही भाषण केले. त्याच दिवशी हिटलर कोब्लेन्ट्सजवळ एहरेनब्राइटश्टाइनला सारवासीयांच्या मेळाव्यापुढे बोलत होता. सुल्त्सबाखच्या गर्दीने आघाडीला खरा धीर दिला, पण त्याचबरोबर एक भ्रमही दिला. सभेला येणारे हे आधीपासूनच ठाम असलेले कार्यकर्ते होते. घाबरलेला, गोंधळलेला, नुकताच जर्मन आघाडीचा अर्ज भरलेला कॅथलिक खाणकामगार त्या मैदानावर नव्हता.

त्या कामगाराशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस योहानेस होफमान होता. कॅथलिक वृत्तपत्राचे संपादकपद गेल्यावर या पत्रकाराने मे १९३४ मध्ये ‘नॉये सार-पोस्ट’ हे वृत्तपत्र काढले. त्याच्या वर्तुळाने मात्र ‘जैसे थे’च्या बाजूने स्वतंत्र ख्रिस्ती संघटना उभारली ती थेट नोव्हेंबरच्या अखेरीस, मतदानाला सहा आठवडे उरले असताना.

आंतरराष्ट्रीय आघाडीवर पक्षाने दोन मागण्या लावून धरल्या : मतदानाच्या काळात तटस्थ सैन्य असावे, आणि ‘जैसे थे’ला कौल मिळाल्यास पुढे दुसरे सार्वमत घेता येईल असे राष्ट्रसंघाने निःसंदिग्धपणे सांगावे. पहिली मान्य झाली. डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिटन, इटली, स्वीडन आणि नेदरलँड्स यांचे मिळून सुमारे ३,३०० सैनिक सारमध्ये आले. दुसऱ्या मागणीचे भवितव्य फ्रान्सच्या हातात होते. परराष्ट्रमंत्री लुई बार्थू यांना सारच्या प्रश्नात खरे स्वारस्य होते. ९ ऑक्टोबर १९३४ रोजी मार्सेल येथे झालेल्या हल्ल्यात ते मृत्युमुखी पडले आणि त्यांच्या जागी आलेले पिएर लावाल यांना जर्मनीशी हा वाद लवकर मिटवायचा होता. ३ डिसेंबरला रोममध्ये झालेल्या करारात खाणींची किंमत ९० कोटी फ्रँक ठरली. दुसऱ्या सार्वमताबद्दल बंधनकारक हमी मात्र मिळाली नाही. आपण जे वचन लोकांना देत होतो ते पाळणे आपल्या हाती नाही, हे पक्षाला त्या क्षणी कळून चुकले असले पाहिजे.

निकाल

१३ जानेवारी १९३५ रोजी मतदान शांततेत झाले. सुमारे ९८ टक्के मतदारांनी मत दिले. बाहेर राहणारे हजारो जुने सारवासी खास गाड्यांनी आणि काही तर अमेरिकेहून बोटीने आले होते. १५ जानेवारीच्या सकाळी जाहीर झालेल्या निकालात सुमारे ४ लाख ७७ हजार मते, म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक, जर्मनीच्या बाजूने होती. ‘जैसे थे’ला साडेशेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे ९ टक्क्यांहून थोडी कमी, तर फ्रान्सला जेमतेम दोन हजार मते मिळाली.

पक्षासाठी या आकड्यांपैकी सर्वांत कठोर आकडा वेगळाच होता. १९३२ साली सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांना मिळून सुमारे एक तृतीयांश मते होती. जवळजवळ तीन वर्षांनी ती बेरीज, काही कॅथलिकांची मते धरूनही, एक दशांशावर आली. याचा अर्थ पक्षाचे नेहमीचे मतदारही मोठ्या संख्येने पक्षाविरुद्ध गेले. केवळ धाकाने हे स्पष्ट होत नाही, कारण मतदान गुप्त होते आणि मोजणी तटस्थ परदेशी अधिकाऱ्यांनी केली होती. धाकाने लोक सभेपासून दूर राहिले असतील, पण मतपत्रिकेवरील खूण बहुतेकांनी स्वतःच्या मनाने केली.

१ मार्च १९३५ रोजी सार जर्मनीत गेले. हजारो लोक, त्यांत बरेचसे पक्षाचे आणि संघटनांचे कार्यकर्ते, सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. ब्राऊन आधी फ्रान्समध्ये आणि १९४० नंतर लंडनमध्ये राहिले. युद्ध संपल्यावर परतीची तयारी चालू असतानाच जुलै १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

या पराभवाची कारणे शोधताना बहुतेक जण जुलै १९३४ च्या कम्युनिस्ट आघाडीवर बोट ठेवतात. तिने कॅथलिक मतदार बिचकला हे खरे, पण माझ्या मते निर्णायक टप्पा त्याआधी एक वर्ष येऊन गेला होता. १९३३ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील पक्षावर बंदी आली तेव्हा सारमधील बाकीचे पक्ष अजून जर्मन आघाडीत पूर्णपणे विरघळले नव्हते, सेंट्रमचे कार्यकर्ते अस्वस्थ होते आणि नाझींची स्थानिक संघटना कच्ची होती. त्या चार-पाच महिन्यांत सोशल डेमोक्रॅटांनी स्वतंत्र भूमिका घेतली असती, तर सेंट्रममधील दुभंगलेल्या गटाला बोलायला एक जागा मिळाली असती. पक्षाने हा काळ मूळ पक्षाशी नाते तोडावे की नाही या आंतरिक विचारात घालवला. तो विचार समजण्यासारखा आहे. ज्या संघटनेत आयुष्य गेले तिच्यापासून वेगळे होणे सोपे नसते, आणि बंदी आलेल्या मूळ पक्षाला सोडून जाण्याचा कलंकही कोणाला नको होता. पण त्या विलंबाची किंमत फार मोठी पडली.

दुसरा टप्पा ‘जैसे थे’ला आशय देण्याचा होता, आणि येथे पक्षाची सर्वांत मोठी उणीव दिसते. प्रचाराचा भर ‘हिटलरला सारमध्ये हरवा’ या घोषणेवर राहिला. ती शूर घोषणा होती, पण राष्ट्रसंघाखालील सारमध्ये कामगाराच्या आयुष्यात काय बदलेल, याबद्दल ती काहीच सांगत नव्हती. प्रादेशिक परिषदेला खरे कायदे करण्याचे अधिकार, खाणींच्या कारभारात कामगारांचा वाटा, फ्रेंच शाळांचा शेवट, बेकारी भत्त्याची हमी अशा ठोस मागण्या राष्ट्रसंघापुढे ठेवून त्यातल्या एक-दोन जरी मतदानापूर्वी पदरात पाडून घेतल्या असत्या, तरी ‘जैसे थे’चा अर्थ बदलला असता. प्रशासन मंडळाचे अध्यक्ष जेफ्री नॉक्स नाझींच्या दहशतीविरुद्ध कणखर होते. पण त्यांनी जर्मनीतून पळून आलेल्या काही अधिकाऱ्यांना पोलिसांत घेतल्यावर विरोधकांनी त्याचे भांडवल केले आणि मंडळ अधिकच परके वाटू लागले. पक्षाने मंडळाचा बचाव करण्याऐवजी त्याच्याकडून सुधारणा मागणे, हे कामगार चळवळीच्या स्वभावाला जास्त जुळणारे झाले असते.

तिसरा टप्पा आघाडीच्या क्रमाचा. कम्युनिस्टांशी समझोता चुकीचा होता असे मला वाटत नाही. त्याशिवाय पक्षाने स्वतःच्या उजव्या-डाव्या कार्यकर्त्यांना एकत्र ठेवणेच कठीण होते. पण दोन समांतर प्रचार, एक लाल झेंड्याखाली आणि दुसरा क्रुसाखाली, जुलैपासूनच आखले गेले असते तर होफमान यांच्या गटाला सहा आठवड्यांऐवजी सहा महिने मिळाले असते. येथे दोष एकट्या पक्षाचा नाही. बिशपांच्या विरोधात उभे राहण्याचे धैर्य जमवायला कॅथलिक विरोधकांना वेळ लागला, आणि तो वेळ बाहेरून कोणी कमी करू शकत नव्हते. तरीही छपाई, पैसा आणि सभागृहे यांची मदत गाजावाजा न करता आधी देता आली असती.

दुसऱ्या सार्वमताच्या हमीबद्दल बहुधा काहीच वेगळे करता आले नसते. बार्थू जिवंत राहते तर शब्द थोडे अधिक स्पष्ट झाले असते, पण युरोपातील सरकारांना त्या हिवाळ्यात शांतता हवी होती आणि सारमधील लोकशाहीवाद्यांसाठी हिटलरशी वाद घालण्याची त्यांची तयारी नव्हती.

हे सर्व केले असते तरी ‘जैसे थे’ जिंकले असते असे कोणी म्हणू शकत नाही. जर्मनीत बेकारी घटत असल्याच्या बातम्या, भाषा आणि नातेसंबंध यांची ओढ आणि फ्रेंच मालकाविषयीचा जुना राग यांच्यापुढे बहुमत अशक्यच होते. पण तहाप्रमाणे मतदान गावे अथवा जिल्हे यांच्यानुसार होणार होते आणि अंतिम निर्णय राष्ट्रसंघाने त्या कौलाचा विचार करून द्यायचा होता. काही खाणगावांत तरी मोठा कौल मिळाला असता, तर निर्णयाआधी राष्ट्रसंघाला थांबून विचार करावा लागला असता. इतक्या एकतर्फी निकालाने तशी वेळच आली नाही.

शेवटचा टप्पा सभासदांच्या सुरक्षेचा होता, आणि येथे पक्षाच्या आग्रहाचा खरा उपयोग झाला. मताबद्दल सूड घेणार नाही आणि ज्यांना जायचे त्यांना एका वर्षाच्या आत मालमत्तेसह जाता येईल, ही आश्वासने जर्मनीला मतदानापूर्वी द्यावी लागली. फेब्रुवारी १९३६ अखेरपर्यंतची ती मुदत अनेक कार्यकर्त्यांना आणि सारमधील ज्यू कुटुंबांना बाहेर पडण्यासाठी उपयोगी पडली. मुदत संपल्यावर मागे राहिलेल्यांना कोणतेही आंतरराष्ट्रीय संरक्षण उरले नाही. मतदानाच्या रात्रीपर्यंत पक्षाचे सारे मनुष्यबळ प्रचारात गुंतले होते. पराभव झाल्यास कोणाला आधी हलवायचे, फ्रान्समध्ये त्यांना काम आणि परवाने कोण मिळवून देणार, याची तयारी नोव्हेंबरपासून एका छोट्या स्वतंत्र गटाकडे सोपवायला हवी होती. पराभवाची तयारी केल्याने प्रचार ढिला पडेल ही भीती खरी असली, तरी ऐन जानेवारीच्या थंडीत सीमेपलीकडच्या फोरबाख या फ्रेंच गावाच्या रस्त्याने निघालेल्या कुटुंबांपुढे ती भीती फार लहान होती.